आता तू काय करशील?

1972 च्या अखेरीस अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा या लहानशा गावात, गॅरी गायगॅक्स यांनी आपल्या अर्नी आणि एलिस या दोन मुलांना एक नवा खेळ खेळायला बसवलं. एका किल्ल्याखालच्या भुयारात मुलांनी उतरायचं होतं. भुयाराचा नकाशा वडिलांकडे. मुलांना दिसणार ते वडील तोंडाने सांगतील तेवढंच. पुढे त्यांची गाठ पडली राक्षसी गोमांशी, किंवा कदाचित विंचवांशी. नक्की कोण होतं हे नंतर खुद्द गायगॅक्सनाही आठवेना. ती लढाई मुलांनी मारली. मग एक पेटी सापडली, आत तांब्याची 3,000 नाणी. पण पेटी इतकी जड, की ती नेता येईना, आणि मुलं हिरमुसली. रात्री मुलं झोपल्यावर वडील लगेच भुयाराचा दुसरा मजला आखायला बसले. पुढच्या बैठकीला त्यांचे मित्रही येऊन दाखल झाले.

हाच खेळ 1974 साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने बाजारात आला आणि टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग गेम्सची सगळी परंपरा तिथून सुरू झाली. अर्नी आणि एलिस हे तिचे अगदी पहिल्या खेपेचे नवखे खेळाडू. त्यांच्यासमोर छापील नियमपुस्तक नव्हतं, कारण ते अजून निघायचंच होतं. समोर होता एक प्रश्न: आता काय करता? आणि हाती लागलेली पेटी सोडून द्यावी लागली म्हणून मुलं हिरमुसली, याचा अर्थ ती नाणी त्यांना खरोखर आपली वाटली होती.

स्मृतिव्याख्यानाला हा विषय कुणाला जरा हलका वाटेल. सभागृहातल्या काहींनी हा खेळ पाहिलेलाही नसेल, म्हणून त्याची रीत दोन शब्दांत सांगायला हवी. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक गेम मास्टर. तो जग उभं करतो, वाटेत भेटणाऱ्या माणसांच्या आणि प्राण्यांच्या वतीने बोलतो, निवाडा देतो. बाकीच्यांकडे प्रत्येकी एक पात्र. पात्राने काय करायचं ते खेळाडू सांगतो. ते जमेल की नाही याची खात्री नसेल तेव्हा फासे टाकायचे. कोकणातल्या दशावतारात आख्यान ठरलेलं असतं, पण संवाद कुणी लिहून दिलेले नसतात, ते नट उभ्या उभ्या रचतो. इथे आख्यानही पुरतं ठरलेलं नसतं. हरणं-जिंकणं नेहमीच्या अर्थाने नाहीच.

अशा खेळात नवा माणूस आला की जुने खेळाडू हमखास एक गोष्ट करतात. त्याला नियम समजावून सांगायला घेतात. वंश कोणता, वर्ग कोणता, सहा क्षमता, त्यांचे आकडे, आकड्यांवरून मिळणारी अधिक-उणे भर, कौशल्यं, मंत्रांच्या याद्या. तासाभराने पाहुणा नम्रपणे मान हलवत असतो आणि मनात परतीच्या लोकलची वेळ बघत असतो. प्रस्तुत वक्त्याचं म्हणणं असं, की या प्रांतात नव्यांना सामावून घेण्याचे पन्नास वर्षांत जे जे प्रयोग यशस्वी झाले, त्या सगळ्यांनी नियम मागे ठेवले आणि निर्णय पुढे आणला. ज्यांनी उलट केलं ते फसले.

याचा पहिला पुरावा गायगॅक्स यांच्याही आधीचा आहे. एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी युद्धखेळ वापरला जाई. फॉन रायस्विट्झ या तरुण अधिकाऱ्याने 1824 मध्ये त्याचे नियम छापले. दोन बाजू आणि मध्ये एक पंच, अशी रचना. नियम इतके काटेकोर, की अधिकारी कंटाळत. मग 1876 मध्ये फॉन व्हर्डी या सेनाधिकाऱ्याने सुचवलं, की आकडेमोड बाजूला ठेवा आणि अनुभवी पंचाच्या निवाड्यावर खेळा. टेबलाशी बसून, माणसाच्या तोंडून जग ऐकून निर्णय घ्यायचा, ही कल्पना अशी लष्करातून आलेली आहे. नागरी शौकिनांपर्यंत ती पोचली ती अमेरिकी युद्धखेळांच्या जुन्या पुस्तकांतून.

1969 साली मिनिआपोलिस-सेंट पॉल या जोडशहरात डेव्हिड वेझली यांनी नेपोलियनच्या काळातली एक लढाई मांडली. ब्राउनश्टाइन हे काल्पनिक जर्मन गाव. सैन्यं गावाला भिडण्याआधी गावात काय चाललंय हे दाखवावं म्हणून त्यांनी काही मित्रांना एकेक भूमिका वाटली: कुणी नगराध्यक्ष, कुणी बँकर, कुणी विद्यापीठाचा कुलगुरू. प्रत्येकाला स्वतःचा एक हेतू. बेत असा, की ही किरकोळ प्रकरणं भराभर उरकायची आणि मग खरी लढाई लावायची. पण खेळाडू आपापसातच बोलू लागले, कोपऱ्यात जाऊन खलबतं करू लागले, दोघांना तर द्वंद्वयुद्ध करायची हुक्की आली. द्वंद्वाचे नियमच नव्हते, ते वेझलींना तिथल्या तिथे रचावे लागले. लढाई झालीच नाही. वेझली घरी गेले ते प्रयोग साफ फसला असं समजून. खेळाडूंनी मात्र विचारलं, पुढचा डाव कधी?

त्या मंडळींतच डेव्ह आर्नेसन होते. ब्राउनश्टाइनचा धागा पकडून त्यांनी 'ब्लॅकमूर' नावाचं जग उभं केलं आणि 1972 मध्ये लेक जिनिव्हाला येऊन ते गायगॅक्स यांच्यापुढे चालवून दाखवलं. म्हणजे हा खेळ ज्यांच्या नावाने जगभर ओळखला जातो ते गायगॅक्सदेखील तो पुस्तकातून शिकले नाहीत. शेजारी बसून शिकले.

हे लक्षात ठेवून 1974 ची ती पहिली पेटी उघडावी. आत तीन पातळ पुस्तिका. किंमत दहा डॉलर, पहिली आवृत्ती 1,000 प्रतींची. सूचना अशी, की लढाईसाठी गायगॅक्स यांचाच 'चेनमेल' हा जुना युद्धखेळ जवळ असावा, आणि रानावनातल्या प्रवासासाठी दुसऱ्याच एका कंपनीच्या 'आउटडोअर सर्व्हायव्हल' या खेळाचा पट वापरावा. वाचणाऱ्याला युद्धखेळ येतात हे गृहीतच धरलेलं. ज्याने कुणाला खेळताना पाहिलं होतं त्याला पुस्तिका उपयोगी पडत. ज्याने पाहिलं नव्हतं, तो पानं उलटसुलट करून थकत असे. तरीही आवृत्ती वर्षभराच्या आत संपली. खेळ पसरला तो तोंडोतोंडी, एकाने दुसऱ्याला बसवून, आणि त्यामुळे प्रत्येक गावात थोडा निराळा. इंग्लंडमध्ये इयन लिव्हिंगस्टोन आणि स्टीव्ह जॅक्सन यांनी अवघ्या सहा प्रती मागवल्या आणि तेवढ्यावर त्यांना युरोपातल्या विक्रीचे हक्क मिळाले. ही त्यांच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीची सुरुवातीची उलाढाल.

नवख्याची अडचण पहिल्यांदा ओळखली ती एका डॉक्टरने. एरिक होम्स हे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात मेंदूविज्ञान शिकवत. त्यांनी आपणहून गायगॅक्स यांच्या कंपनीकडे प्रस्ताव दिला, की नवशिक्यांसाठी एक सोपं पुस्तक मी तयार करतो. 1977 मध्ये ते निघालं, निळ्या मुखपृष्ठाचं, पन्नासहून कमी पानांचं, आणि त्यात पात्राच्या प्रगतीच्या फक्त पहिल्या तीन पातळ्या. बाकीचं नंतर बघा. ही काटछाट दिसायला साधी, पण त्यामागचा विचार मोठा: ज्याने अजून पहिलं दार उघडलेलं नाही त्याला दहाव्या पातळीचे मंत्र कशाला? फाशांची मात्र तेव्हा टंचाई. काही काळ पेटीत फाशांऐवजी आकडे छापलेले कागदी तुकडे येत. ते कापायचे, पेल्यात घालायचे आणि न बघता एक उचलायचा.

1981 मध्ये टॉम मोल्डव्हे यांनी हे पुस्तक नव्याने लिहिलं आणि त्यात प्रत्यक्ष डावाचं एक लांबलचक उदाहरण घातलं: कोण काय म्हणतं, गेम मास्टर काय उत्तर देतो, फासा कधी पडतो. त्यात एक पात्र पेटीच्या विषारी सुईने पटकन मरतं. वाचकाला पाचेक मिनिटांत कळतं, की इथे असं बोलायचं असतं आणि इथे मरणंही असतं.

पण खरी उडी घेतली ती 1983 मध्ये फ्रँक मेंट्झर यांनी. लाल पेटी, वर लॅरी एल्मोर यांनी चितारलेला ड्रॅगन. आतलं खेळाडूचं पुस्तक उघडलं, की नियम नाहीतच, थेट गोष्ट. वाचणारा स्वतःच एक तरुण योद्धा, गावाबाहेरच्या गुहेत शिरलेला. गॉब्लिन नावाचा एक छोटा राक्षस येतो, तेव्हा वार कसा करायचा ते कळतं. इजा झाली, की जीव किती उरला ते मोजायला शिकायचं. म्हणजे नियम गरज पडेल तसा, एकेक. पुढे ॲलीना नावाची एक धर्मसेविका भेटते, जखमा बऱ्या करते, जगाची माहिती सांगते, सोबत चालते. आणि मग बार्गल नावाचा मांत्रिक तिला मारतो. वाचणाऱ्याला ते थांबवता येत नाही. आज पन्नाशीला आलेले खेळाडू त्या पेटीतले आकडे केव्हाच विसरले, पण बार्गलवरचा त्यांचा राग अजून गेलेला नाही. मंत्रांच्या याद्या वाचून कुणाला असा राग आला असता का?

याच काळात इंग्लंडमध्ये लिव्हिंगस्टोन आणि जॅक्सन यांनी दुसरी वाट काढली. 'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन' हे 1982 चं पुस्तक: 400 क्रमांकित परिच्छेद, दोन साधे फासे, एक पेन्सिल. एकट्याने वाचायचं आणि प्रत्येक परिच्छेदाशेवटी कुठे वळायचं ते ठरवायचं. मित्रमंडळ जमायची गरज नाही. शाळकरी मुलांच्या दप्तरांतून ते फिरलं आणि त्यांतली बरीच मुलं पुढे खऱ्या टेबलापर्यंत आली.

आणखी एक युक्ती इथे नोंदवायला हवी, तिचा आपल्या उपखंडाशी दूरचा संबंध आहे म्हणूनही. मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई अभ्यासाचे प्राध्यापक असलेले आणि उर्दू शिकवणारे एम. ए. आर. बार्कर यांनी 1975 मध्ये 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' हा खेळ प्रसिद्ध केला. त्यातलं टेकुमेल हे जग युरोपच्या परीकथांशी काही नातं न सांगणारं: स्वतःच्या भाषा, देव, कुळं आणि शिष्टाचार असलेलं. एवढं सगळं नव्या खेळाडूला पाठ कसं व्हायचं? बार्कर यांनी तो प्रश्नच काढून टाकला. नव्या खेळाडूचं पात्र परकं. लहानशा होडीतून जकाला या बंदरात नुकतंच उतरलेलं. स्थानिक रीत त्याला माहीत नसणं हेच स्वाभाविक. जेवढं अज्ञान खेळाडूचं तेवढंच पात्राचं. चुकून कुणा सरदाराचा अपमान झाला, तर तो पोरकटपणा ठरत नाही, ती कथेतली अडचण ठरते. (याच बार्कर यांनी टोपणनावाने एक नाझीधार्जिणी कादंबरी लिहिल्याचं 2022 मध्ये त्यांचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेने मान्य केलं. युक्ती चांगली म्हणून माणूस चांगला, असा हिशेब इथे लागत नाही.)

आता अलीकडचं उदाहरण, आणि ते थोडं जवळून. 2014 मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची पाचवी आवृत्ती काढली तेव्हा आधी बाहेर आला तो 'स्टार्टर सेट'. आत बत्तीस पानांचं नियमपुस्तक, चौसष्ट पानांची 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर' ही मोहीम, फासे, आणि आधीच तयार करून ठेवलेली पाच पात्रं. पात्र घडवण्याचे नियम त्या पेटीत दिलेलेच नाहीत. प्रत्येक पात्राच्या कागदावर दोन-चार ओळींत त्याचा मोहिमेतला स्वतःचा धागा: बुटका धर्मसेवक हा मोहिमेवर पाठवणाऱ्या रॉकसीकर भावांचा नातलग, चोराला गावातल्या गुंडांच्या टोळीने दगा दिलेला. म्हणजे ब्राउनश्टाइनमधल्या बँकरसारखाच, प्रत्येकाच्या खिशात एक हेतू.

मोहीम सुरू होते ती रस्त्यावर. सामानाची गाडी घेऊन पात्रं फँडलिन या गावी निघालेली. वळणावर दोन मेलेले घोडे आडवे पडलेत, अंगात काळ्या पिसांचे बाण. खोगिराच्या पिशव्या रिकाम्या. दोन्ही बाजूंना दाट झुडपं, आणि त्यांत दबा धरून चार गॉब्लिन. इथे गेम मास्टर थांबतो आणि म्हणतो, "आता तू काय करशील?"

नवा खेळाडू काय म्हणतो ते बघण्यासारखं असतं. कुणी म्हणेल, घोड्यांजवळ जाऊन बघतो. कुणी म्हणेल, गाडी मागे वळवतो. एखादा विचारेल, बाण किती जुने वाटतात? हा प्रश्न हुशार आहे आणि त्याला नियमपुस्तकातलं एक पानही माहीत असावं लागत नाही. पण नेमक्या याच क्षणी शेजारचा मुरलेला खेळाडू पुटपुटतो, "पर्सेप्शन रोल कर." हेतू चांगला, परिणाम वाईट. नवख्याचं लक्ष घोड्यावरून उडून कागदावर जातं, कागदावर 'पर्सेप्शन' कुठे लिहिलंय ते शोधण्यात मिनिट जातं, आणि टेबलावरचा रस्ता, झुडपं, बाण, सगळं विरतं. पुढच्या पाळीला तो मुरलेल्याकडेच बघतो: मी काय करू? मग मुरलेला त्याचंही पात्र खेळू लागतो. नवे लोक दुसऱ्या बैठकीला का येत नाहीत याचं बरंचसं उत्तर त्या एका पुटपुटण्यात आहे.

यावर अनुभवी गेम मास्टरांचा उपाय साधा असतो. खेळाडूने काय करायचं ते साध्या भाषेत सांगायचं. त्यासाठी कोणता फासा लागतो ते सांगणं आपलं काम. मुरलेल्या खेळाडूंना डाव सुरू होण्याआधी बाजूला घेऊन एक विनंती करायची, की आकडे विचारले तर सांगा, पण सल्ला देऊ नका. त्यांच्या हौशीला वाट म्हणून लढाईतला क्रम लिहिणं, नकाशा काढणं अशी कामं द्यावीत. ते खुशीने करतात.

गॉब्लिनांचा तो छापा तसा जीवघेणा. पहिल्या पातळीच्या पात्रांचा जीव तो काय, आणि चार बाण बरोबर लागले तर गाडी तिथेच आडवी. मोहीम लिहिणाऱ्यांना याची कल्पना असावी, कारण पात्रं हरली तर काय, हेही पुस्तकात दिलंय: गॉब्लिन त्यांना बेशुद्ध सोडतात, लुटतात आणि निघून जातात. पहिल्याच तासात पात्र मेलं, की नवखा माणूस रिकाम्या हाताने तीन तास बसून राहतो. त्यापेक्षा लुटलं गेलेलं बरं. लुटलेल्या माणसाला लगेच एक ध्येय मिळतं.

फाशांचं काय? एका पिशवीत चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे फासे. आठचा आणि दहाचा फासा नवख्याला सारखेच दिसतात, आणि प्रत्येक वेळी "कुठला टाकू?" असं विचारायला माणूस ओशाळतो. वेगवेगळ्या रंगांचे फासे दिले, की "निळा टाक" एवढं पुरतं. आकडेमोडीचंही तसंच. 2000 सालापर्यंत या खेळात चिलखताचा आकडा जितका कमी तितकं संरक्षण जास्त, असा उलटा हिशेब होता आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या नवखे अडखळले. तिसऱ्या आवृत्तीने तो सरळ केला. याउलट 1981 चा 'कॉल ऑफ क्थुलू' हा भयकथांचा खेळ शेकड्यात चालतो: लपण्याचं कौशल्य 40 असेल, तर शंभरात चाळीस वेळा जमणार. हे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या 2010 मधल्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'ने तर नुसते सहा बाजूंचे दोन फासे ठेवले: बेरीज दहा किंवा वर आली तर जमलं, सहा किंवा खाली आली तर अडचण, आणि सात ते नऊ आली तर जमलं, पण काही किंमत मोजून. त्यातली पात्रं दुमडलेल्या पत्रकांवर, खुणा करून निवडायची. आणि पहिल्या बैठकीत गेम मास्टरने जग वर्णन करत बसण्याऐवजी खेळाडूंनाच प्रश्न विचारायचे: तुझं या गावात कुणाशी वाकडं आहे? पाणी कुठून आणता? ज्याच्या उत्तरावरून गावाची विहीर ठरली, तो माणूस त्या विहिरीसाठी भांडायला तयार होतो.

जपानची वाट अजून वेगळी. तिथे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा एक डाव 'कॉम्प्टिक' या मासिकात 1986 पासून संवादरूपाने छापला जाऊ लागला: खेळाडूंची बोलणी, फाशांचे आकडे, टेबलावरचे विनोद, सगळं जसंच्या तसं नाटकाच्या संहितेसारखं. तेच पुढे 'रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर' म्हणून कादंबऱ्या आणि ॲनिमे होऊन गाजलं. त्यातली लोकप्रिय एल्फ तरुणी डीडलिट मूळ टेबलावर एक पुरुष विज्ञानकथाकार, हिरोशी यामामोतो, खेळत होता. असे छापील डाव तिकडे 'रिप्ले' म्हणून ओळखले जातात आणि वाचणाऱ्याला टेबलाशी कसं बसायचं ते आयतं कळतं. 'कॉल ऑफ क्थुलू' जपानमध्ये इतका रुजला, की तिथे नवख्याला हाच खेळ आधी भेटण्याची शक्यता जास्त.

रिप्लेचं आजचं रूप म्हणजे व्हिडिओ. 2015 मध्ये 'क्रिटिकल रोल' सुरू झालं: व्यावसायिक आवाज-कलाकारांची एक मंडळी, मॅथ्यू मर्सर गेम मास्टर. वर्षभराने 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेतली मुलं तळघरात हाच खेळ खेळताना दिसली. या दोन्हींनी टेबलापर्यंत आणलेल्या नव्या माणसांचं ऋण मान्य करायलाच हवं, पण एक नवी भीतीही त्यातून आली. आपल्याला असे आवाज काढता येत नाहीत, अशी रडवणारी भाषणं करता येत नाहीत, मग आपण खेळायचं तरी कसं? लाजऱ्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकावं, की अभिनय ऐच्छिक आहे. "माझी चोर दाराला कान लावते" एवढं सपाट वाक्य पुरतं. दाराआड कोण बोलतंय हे ऐकायला टेबलावरचे सगळे तितकेच उत्सुक असतात.

भीती दुसरीही असते, आणि ती लाजेपेक्षा गंभीर. गोष्ट कुठेही जाऊ शकते म्हटल्यावर ती कुणाच्या दुखऱ्या जागेवरही जाऊ शकते. न्यूयॉर्कच्या जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांनी यासाठी 'एक्स-कार्ड' प्रचारात आणलं: फुलीचं एक कार्ड टेबलाच्या मधोमध. कुणीही त्याला हात लावला, की चाललेला प्रसंग वगळायचा; कारण विचारायचं नाही. काही जुन्या खेळाडूंना हे फाजील नाजूकपण वाटतं. अनोळखी लोकांसोबत पहिल्यांदा बसणाऱ्या मुलीला तसं वाटत नाही, आणि या बाबतीत तिचं मत जास्त मोलाचं धरावं. खेळाआधी अर्धा तास बसून काय हवं, काय नको, किती वाजता उठायचं हे बोलून घेण्याची रीतही आता रूढ आहे. त्या बैठकीला 'सेशन झीरो' म्हणतात.

मुंबई-पुण्याच्या बोर्डगेम कॅफेंत आणि मित्रांच्या घरांत हे टेबल आता मांडलं जातं. नियमपुस्तकं इंग्रजी, आणि त्यामुळे बोलणंही इंग्रजीत व्हायला हवं असा एक अबोल समज तिथे असतो. त्याने नवख्यांची एक आख्खी फळी गप्प बसते. 'आर्मर क्लास', 'हिट पॉइंट' हे शब्द इंग्रजीतच राहू द्यावेत, क्रिकेटमधला 'एलबीडब्ल्यू' राहतो तसे. पण सराईत दरोडेखोराला धमकी द्यायची वेळ आली, की मराठी माणसाने ती मराठीतच द्यावी. ती कशी रंगते ते ऐकून बघावं. जग निवडतानाही तेच. फँडलिनचा रस्ता ज्याला डोळ्यांसमोर आणता येत नाही, त्याला कशेडी घाटात धुक्यात आडवी पडलेली बैलगाडी लगेच दिसते, आणि गॉब्लिन त्या झुडपांतही दबा धरू शकतात.

पहिली बैठक किती लांबवावी याबद्दल मतं वेगवेगळी आहेत. अमेरिकेतल्या जेन कॉनसारख्या मेळाव्यांत एका डावाला साधारण चार तास मिळतात. हा मेळावा गायगॅक्स यांनीच 1968 मध्ये लेक जिनिव्हाच्या हॉर्टिकल्चरल हॉलमध्ये सुरू केला. चार तासांत एक गोष्ट पुरी होते, फार तर एखादा धागा लोंबत राहतो. नवख्यांसाठी तीन तासही भरपूर. लढाई एखादीच असावी, आणि जेवणाआधी संपावी. वर्षभर चालणाऱ्या मोहिमेचं आमंत्रण पहिल्याच दिवशी देणं म्हणजे ओळख झाल्याबरोबर लग्नाची तारीख विचारणं; तारीख ठरवायचीच तर पुढच्या एका डावाची ठरवावी.

उरतो तो सगळ्यात व्यावहारिक प्रश्न. खेळायला तयार माणसं मिळतात, गेम मास्टर मिळत नाही. ज्याने टेबल चालवायचं त्याने तीन जाडजूड पुस्तकं आधी पचवावीत, असा धाक अजूनही आहे. 2019 च्या 'इसेन्शियल्स किट'ने यावर एक तोडगा दिला. त्यात 'साइडकिक' म्हणजे सोबत्याचे सोपे नियम आहेत, आणि त्यामुळे एक गेम मास्टर आणि एकच खेळाडू असा डावही चालतो. 'ड्रॅगन ऑफ आइसस्पायर पीक' ही त्यातली मोहीम त्याच फँडलिन गावात सुरू होते. गावाच्या फलकावर छोटी छोटी कामं टांगलेली; एका बैठकीला एक काम घ्यायचं, तेवढीच पानं आदल्या रात्री वाचायची. बहीण-भाऊ, नवरा-बायको, वसतिगृहातल्या खोलीतले दोघे, कुणीही दोन माणसं पुरतात. आणि दोन-तीन बैठकांनी भूमिका बदलून बघायची: काल जो घोड्यांजवळ जाऊन बघत होता, त्यानेच आज नकाशा हातात घ्यायचा.